हात मागे

माशांच्या पिल्लांना पहिल्यांदा पाण्याची धार सोडायची असली की हॅचरीतल्या सगळ्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं, असा नानांचा नियम होता. हा नियम कुठे लिहून लावलेला नव्हता, पण नानांचा आवाज असा होता की लिहायची गरज कुणाला वाटली नाही. चावी फिरवायची, गोल टाकीतलं पाणी फिरायला लागलं की दोन पावलं मागे सरायचं आणि शिक्षा झालेल्या शाळकरी पोरासारखं पाठीशी हात धरून बघत राहायचं. नवीन माणसाला हसू यायचं. पाण्यात काय चाललंय ते दिसलं की त्याचं हसू मावळायचं.

बोटाच्या पेराएवढी ती पिल्लं. जन्मल्यापासून उभ्या पाण्यात वाढलेली, लाडाकोडातली. पहिली धार अंगावर आली की त्यांची त्रेधातिरपीट उडते. बरीचशी तोंड फिरवून शेपट्या मारायला लागतात, पण काही वाहत जातात आणि पाणी निघून जायच्या मधल्या जाळीला चिकटून तडफडतात. ते बघवत नाही. बघणाऱ्याचा हात आपसूक चावीकडे जातो आणि नेमकं तेच करायचं नसतं. धार बंद केली की पिल्लू जाळीपासून सुटतं खरं, पण त्याच्या कण्यात चुना भरायचा राहून जातो. पाण्याशी झुंजल्याशिवाय माशाचं हाड घट्ट होत नाही. फार लवकर झुंजायला लावलं तर कोवळा मणका वाकतो तो कायमचा, आणि फार उशीर केला तर मऊ राहतो तोही कायमचा. मधली वेळ पकडायची आणि मग हात मागे. एवढ्या एका गोष्टीवर नानांनी आपला जन्म काढला होता.

ती वेळ ओळखायची त्यांची रीत होती. पांढऱ्या घमेल्यात थोडी पिल्लं घ्यायची, तळहात पाण्यात घालायचा आणि हळूच लाट ढकलायची. पिल्लं हाताकडे तोंड करून जागच्या जागी टिकली, तर तयार. मागे रेटली गेली, तर अजून कच्ची.

नानांनी ही रीत आपल्या सुनेला शिकवली. लग्न होऊन आली तेव्हा ती घरात बसून कंटाळायची, म्हणून एक दिवस सासऱ्यांनीच तिला कामावर नेलं. ‘ही आमची सूनबाई,’ असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि ती कायमची सूनबाई झाली. चाळिशी आली, केसांत रुपेरी तारा आल्या, तरी पोरीच्या वयाची मॅनेजरबाईसुद्धा तिला सूनबाईच म्हणायची. कामाला वाघ होती. तिचा हात तेवढा तिच्या ताब्यात नसायचा. जाळीला पिल्लू चिकटलेलं दिसलं की पाठीमागचा हात सुटायचा आणि निघायचा चावीकडे.

“हात मागे, सूनबाई!” नाना टाकीपलीकडून ओरडायचे. इतक्या वेळा ओरडायचे की तिला डबा उघडताना बघूनसुद्धा लोक म्हणायचे, हात मागे, सूनबाई. तीही हसायची. तेव्हा ती फार हसायची.

मग एका सकाळी नानांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, बूट घालायला म्हणून खाली बसला तो उठलाच नाही. आजार नाही, दुखणं नाही, काही नाही. त्याच्यानंतर सूनबाईने अंथरूण धरलं. ताप नव्हता, मोडलं नव्हतं काही. नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. हॅचरी सुटली. नाना एव्हाना निवृत्त झाले होते. ज्या माणसाने आयुष्यात कधी पातेलं उचललं नव्हतं तो म्हातारा स्वयंपाक शिकला, करपवत करपवत का होईना. सकाळी तिच्या उशाशी चहा नेऊन ठेवायचे. ती म्हणायची, “ठेवा तिथं.” दिवसभरात दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच. पोटचा मुलगा त्यांचाही गेला होता, पण घरात एकाने तरी उभं राहायला हवं होतं. दीड-दोन वर्षं असंच चाललं.

आणि मग नाना मोरीत घसरले.

त्यांची किंकाळी ऐकून सूनबाई पळत आली. कितीतरी महिन्यांनी ती पळाली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. ॲम्ब्युलन्स तिने बोलावली, कागदावर सह्या तिने केल्या, ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर ती ताठ बसून राहिली. नाना घरी आले तेव्हा घर झाडलेलं होतं, चादरी बदललेल्या होत्या आणि सूनबाईने वेणी घातली होती. पुढच्या आठवड्यात ती हॅचरीत परत रुजूही झाली. गल्लीतले सगळे म्हणाले, नाना पडले आणि सूनबाई उठली. गल्लीला असं जोडून बोलायची हौसच असते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना पडून राहू देऊ नका. म्हातारं हाड वापरलं नाही तर विरघळतं. त्यासाठी एक व्यायामवाली ताई यायची. ठेंगणी, फटकळ, दंडात पहिलवानाचं बळ असलेली. सूनबाई कामावर असताना यायची, म्हणून तिच्याकडे किल्ली देऊन ठेवली होती.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं, असं सूनबाईला वाटत होतं. मग एका रविवारी नानांनी आगाऊपणा केला. काठी घेऊन एकटेच उठले, स्वयंपाकघरात गेले आणि चहा करून सूनबाईच्या खोलीत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची हाक आली. उठवतच नाही म्हणाले. कमरेत कळ येतेय म्हणाले. सूनबाई धावत आली. तिने मनाशी ठरवून टाकलं की हा त्या चहाचा परिणाम आहे, आता यांना पलंगावरून हलू द्यायचं नाही.

आणि खरंच हलू दिलं नाही. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिने म्हाताऱ्याला. पाणी हातात, ताट मांडीवर, भांडं पलंगाखाली. नाना कुशीवर वळायला लागले तरी ती धावायची. व्यायामवालीने पाय टेकवून उभं केलं तर संध्याकाळी हिने विचारावं, “फार त्रास तर नाही ना झाला? उद्या नको म्हणून सांगू का?” आणि नानांनी म्हणावं, “बघ बाई, तुला वाटतंय तर.”

व्यायामवाली वैतागली. “नाना, अहो तुम्ही त्या माशांना पळवून पळवून त्यांची हाडं घट्ट केलीत म्हणतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!”

“मासे तरुण असतात गं,” नाना म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

त्याच दिवसांत हॅचरीत पिल्लांची एक बॅच धारेवर यायची होती. घमेल्यात सूनबाईने तळहाताने लाट दिली, पिल्लं टिकली. तिने चावी फिरवली, मागे सरली, हात पाठीशी बांधले. पिल्लं उधळली. काही जाळीला चिकटली. त्यांतलं एक अगदी तिच्यासमोरच होतं, पांढरं पोट वर करून थरथरत होतं. टाकीपलीकडून कुणी ओरडलं नाही, ओरडणारे घरी पलंगावर होते. तिने चावी फिरवली. पूर्ण बंद नाही, निम्मी. उद्या वाढवू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही म्हणाली, उद्या वाढवू. पिल्लं गुबगुबीत झाली, चमकायला लागली, खाणं टाकलं की निवांत वर यायची. तिला वाटलं, बघा, काय बिघडलं?

ही बॅच मोठी व्हायला समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात गेली तेव्हा काय बिघडलं ते कळलं. तिथे खरा प्रवाह होता. मासे जाळीला लोंबकळायला लागले. मॅनेजरबाईने थोडे मासे परत मागवून त्यांचा एक्स-रे काढला आणि सूनबाईला केबिनमध्ये बोलावलं.

काचेवर दोन फिल्म लावल्या होत्या. एका फिल्मवर मागच्या वर्षीचे मासे होते, त्यांचे मणके पांढरे, ठसठशीत, मोजून घ्यावेत असे. दुसरीवर ही बॅच. इथे कणा आहे की धुकं आहे तेच कळत नव्हतं. काही ठिकाणी तर तो मधेच खचला होता.

“खाणं चांगलं, पाणी चांगलं, रोग नाही,” मॅनेजरबाई म्हणाली. ती चिडलेली नव्हती, तेच जास्त लागलं. “तुम्ही फार जपलंत यांना, सूनबाई.”

“आता धार वाढवली तर?”

“आता हाड धरणार नाही. वेळ गेली त्यांची.”

सूनबाई त्या फिल्मकडे बघत राहिली. तिला मासे दिसतच नव्हते. तिला पलंगावरची नानांची पिंढरी दिसत होती, परवा अंग पुसताना तिच्या मुठीत मावलेली. तेव्हा तिने ती पुसून वर पांघरूण ओढलं होतं. तिने रजा मागितली आणि भर दुपारी घरी निघाली. वाटेत ती चालत नव्हती, पळत होती.

दारात व्यायामवाली चपला घालत होती. सूनबाईला बघून ती बिचकली.

“ताई, आजपासून त्यांना चालवायचं,” सूनबाईला धाप लागली होती. “रोज चालवायचं. मी मधे येणार नाही. माझंच चुकलं. त्या रविवारी ते एकटे उठले ना, तेव्हापासून मी घाबरले.”

“तेव्हा कशाला घाबरलात? अहो, त्याच्या आधी चांगले दारापर्यंत चालत होते की माझ्याबरोबर. वळून परत. तुम्हाला सांगू नका म्हणाले, सूनबाईला एकदम दाखवायचंय म्हणाले.” व्यायामवाली थांबली. “मग एक दिवस पायच टेकेनात. मी कितीदा तपासलं, कुठे काही दुखावलेलं नव्हतं. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

सूनबाई आत गेली. नाना खिडकीकडे तोंड करून पडले होते.

“नाना, त्या रविवारच्या आधीपासून तुम्ही चालत होतात?”

नानांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मग म्हणाले, “त्या बाईच्या पोटात काही राहत नाही.”

“मग थांबलात का? त्या चहामुळे कळ आली म्हणून? दुसऱ्या दिवशी तुम्हाला उठवेना म्हणून मी—”

“मला उठवत होतं गं.”

ती पलंगाच्या कडेला बसली. नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“त्या दिवशी मी चहा घेऊन आलो. कप हिंदकळला नाही, एवढा सरळ चालत आलो. म्हटलं, आता उठेल आणि माझ्यावर ओरडेल, एकटे का उठलात म्हणून. तू जागी होतीस. भिंतीकडे तोंड करून होतीस. म्हणालीस, ठेवा तिथं. त्याच आवाजात. संध्याकाळपर्यंत तू कूस बदलली नाहीस. चहावर साय धरली.”

सूनबाईला तो दिवस आठवला. त्या सकाळी तिने स्वयंपाकघरातून काठीचा आवाज ऐकला होता. भांड्याचा ऐकला होता. आणि तिच्या मनात आलं होतं, झालं, आता यांनाही माझी गरज उरली नाही. हे ती कुणाला बोलली नव्हती. स्वतःलासुद्धा तिने नीट सांगितलं नव्हतं.

“मग सोमवारी मी हाक मारली,” नाना म्हणाले. “उठवत नाही म्हटलं. तू अशी धावत आलीस की एक चप्पल तिकडेच राहिली.”

“म्हणून तुम्ही पडून राहिलात?”

“थोडे दिवस म्हटलं होतं. तू जरा सावरलीस की उठू म्हटलं. मग ते थोडे दिवस लांबतच गेले.”

“तुम्हाला माहीत होतं ना, पडून राहिलं की हाडाचं काय होतं ते? तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“आणि तरी?”

“एका चावीवर दोन टाक्या होत्या, सूनबाई. इकडे सोडली की तिकडे बंद.”

सूनबाई उठून उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडली. कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मला विचारलंत? माझ्यासाठी पाय टाकून द्यायला मी काय मागितले होते तुमचे पाय? शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्याने ओरडली. मग पलंगाच्या दांडीवर डोकं टेकून रडली, नवरा गेला तेव्हा रडायचं राहिलं होतं तेही धरून. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला काही वजनच नव्हतं.

“रड, पण उद्या कामावर जा,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून नानांना धार सोडली. व्यायामवाली रोज यायला लागली. पहिल्या दिवशी तिने नानांना काखेत धरून उभं केलं तेव्हा त्यांचे गुडघे थरथरत होते. सूनबाई पुढे झेपावली.

“हात मागे,” नाना म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, पण हुकूम जुनाच.

सूनबाई भिंतीला टेकून उभी राहिली, हात पाठीशी. नानांनी आधाराने चालायची लोखंडी चौकट धरली आणि एक पाऊल टाकलं. कपाळावर घाम. मग दुसरं. मग ते खाली बसले आणि शर्यत जिंकल्यासारखे हसले. सूनबाईही हसली. व्यायामवाली मात्र हसली नाही, ती त्यांच्या मांडीकडे बघत होती.

रोज ते उठायचे. रोज तिला सांगायचे, आज उंबऱ्यापर्यंत. पण खोलीचा उंबरा त्यांना ओलांडता आला नाही. पाय ऐकेनात, आणि इतके महिने पाठीवर पडून छातीत जे साठलं होतं ते वर यायला लागलं. आधी खोकला, मग ताप. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात उतरलंय.

शेवटच्या दिवसांत ते फारसं बोलत नसत. एका दुपारी डोळे उघडून त्यांनी विचारलं, “नवीन बॅच कुठवर आली?”

“अजून कच्ची आहे, नाना. चार दिवसांपूर्वी घमेल्यात घेऊन बघितली.”

“घाई नको.” बराच वेळ ते श्वास गोळा करत राहिले. “उशीरही नको.”

त्याच आठवड्यात, सकाळी, ती त्यांचं तोंड पुसत असताना नाना गेले.

नातेवाईक आले, बसले, डोळे पुसून आपापल्या घरी गेले. घर रिकामं झालं आणि सूनबाई आपल्या खोलीत जाऊन पडली. भिंत तिथेच होती. कुणी हाक मारणारं नव्हतं, कुणाचं भांडं काढायचं नव्हतं, कुणाला कुशीवर वळवायचं नव्हतं. पहिल्या सकाळी ती उठली नाही. दुसऱ्याही सकाळी नाही. शेजारणीने जेवण आणून ठेवलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “ठेवा तिथं.”

स्वतःचा तो आवाज तिने ऐकला. शेजारीण गेली तरी तो खोलीत घुमत राहिला. सूनबाई पाणी प्यायला म्हणून उठली तर पाय लटपटले. दोन दिवसांत! तिने भिंतीला हात लावला आणि मग काढून घेतला. आधाराशिवाय ती मोरीपर्यंत गेली, तोंड धुतलं, वेणी घातली. पलीकडच्या खोलीत नानांची काठी कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे न बघता ती बाहेर पडली.

ती दिसताच हॅचरीत सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. मॅनेजरबाई पुढे आली आणि म्हणाली, “सूनबाई, तुम्ही अजून काही दिवस—”

“बॅचला उशीर होतोय,” सूनबाई म्हणाली.

तिने पांढरं घमेलं घेतलं, त्यात थोडी पिल्लं सोडली, तळहात पाण्यात घातला आणि लाट ढकलली. पिल्लं फिरली. सगळ्यांनी तिच्या हाताकडे तोंड केलं आणि जागच्या जागी टिकून राहिली. ती थोडा वेळ बघत बसली. मग घमेलं टाकीत उपडं केलं आणि चावी पूर्ण उघडली.

पाणी फिरायला लागलं. पिल्लं उधळली. बघता बघता काही मागे वाहत गेली आणि जाळीला चिकटली. एक अगदी समोरच होतं, एवढंसं, तोंड उघडझाप करत होतं. तिचा हात सुटला आणि चावीकडे निघाला. ती वाट बघत होती. टाकीपलीकडून कुणीच ओरडलं नाही.

सूनबाई दोन पावलं मागे सरली. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट तिने पाठीमागे घट्ट धरलं, नखं रुतेपर्यंत. समोरचं पिल्लू शेपटी मारत होतं, सुटत होतं, परत चिकटत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून गालावरून हनुवटीपर्यंत आलं, आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.